विधी नकोत, पण वाडी हवी: कोकणात धर्माशिवाय नीट जगण्याचं व्यवहारज्ञान

खाडीपलीकडे

देव आहे की नाही यावर या मंचावर पुष्कळ धागे आहेत आणि त्यांचा भांडणाचा आखाडा झालेला सगळ्यांनी पाहिलाय. हा धागा त्यासाठी नाही. ज्यांचं ते ठरलंय आणि तरीही ज्यांना गावात, चार माणसांत राहायचंय, त्यांच्यासाठी आहे. मयत कसं उरकायचं, लग्न कसं लावायचं, शिमग्याची वर्गणी द्यायची का, वाळीत टाकलं तर कुठे जायचं, हे एका जागी गोळा व्हावं एवढाच हेतू.

मानवतावाद हा शब्द काही परका नाही. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने घटनेत आलेल्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या जोडीनेच तो नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेला आहे. विचारवंत एम. एन. रॉय यांनी १९४८ मध्ये स्वतःचा पक्ष विसर्जित केला आणि नवमानवतावादाची चळवळ धरली. त्यांच्याबरोबर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, म्हणजे धर्मशास्त्र कोळून प्यालेला माणूस. दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत राहिले. सगळ्यांचा गाभा एकच: माणसाचं बरंवाईट याच जन्मात, पुराव्याने आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाण ठेवून ठरवायचं.

कोकणात मात्र एक पेच आहे. इथे धर्म म्हणजे पोथी कमी आणि गावकी जास्त. ज्या यंत्रणेतून पालखी नाचते त्याच यंत्रणेतून मयताला लाकडं येतात, साकव दुरुस्त होतो, विहिरीचा गाळ उपसला जातो. विधी सोडणं सोपं आहे. त्याच्या पोटात बांधलेलं कामही सोडून दिलं तर मात्र अंगाशी येतं. म्हणून प्रत्येक विधीला एकच प्रश्न विचारूया: यात काम कुठलं होतं, आणि ते आता कोण करणार?

मयतापासून सुरुवात करतो, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो.

आठळी

नेत्रदान आणि देहदान यांचं लिहिते.

नेत्रदानाला घड्याळ लागतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, आणि एप्रिल-मे महिन्यात जितकं लवकर तितकं बरं. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पापण्या मिटायच्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा (वाऱ्याने बुबुळ सुकतं) आणि डोक्याखाली उशी देऊन डोकं सहा इंच वर घ्यायचं. घरात माणसं जमली की कुणीतरी पंखा हमखास लावतं. त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा. काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी काहीच आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. तोंडात तुळशीपत्र ठेवलं काय किंवा नाही काय, नेत्रपेढीला फरक पडत नाही. आजीचा हट्ट असेल तर ठेवू द्या.

देहदानात जास्त जण फसतात. अर्ज भरला म्हणजे देहदान झालं, हा समज चुकीचा आहे. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांनी देह नेऊन द्यायचा असतो. एक मुलगा अडून बसला तर महाविद्यालय भांडणात पडत नाही. त्यामुळे अर्जापेक्षा घरातल्या सगळ्यांशी मोकळं बोलणं महत्त्वाचं, आणि त्यात मुंबईचे चाकरमानीही आले. कोकणात आता देह स्वीकारू शकतील अशी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत: डेरवण, पडवे, आणि अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथली शासकीय. शरीररचनाशास्त्र विभागाचा नंबर, रात्री कोण उचलतं, गाडी त्यांची की आपली, हे आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. एक नव्हे, दोन ठिकाणचे नंबर.

नकार कशाला मिळतो? शवविच्छेदन झालेलं असेल, अपघात किंवा आत्महत्या असेल, संसर्गजन्य आजार असेल किंवा देह खराब व्हायला लागला असेल. अवयवदान वेगळं. ते मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाचं, नोंदणीकृत रुग्णालयातूनच होतं आणि त्यानंतर देहदान बहुधा होत नाही. डोळे दिले तर मात्र देहदानाला अडचण नसते.

भरती_ओहोटी

आठळी, वाचनखूण साठवली. एक भर: सगळा डोलारा मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर उभा असतो. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर ४अ. वाडीत रात्री दोनला माणूस गेलं आणि त्याच्यावर अलीकडे कुणीच उपचार केलेले नसतील तर डॉक्टर कारण लिहायला धजत नाहीत. संशय आला तर पोलीस, मग शवविच्छेदन, आणि देहदान तिथेच संपलं. म्हणून घरात आजारी म्हातारं माणूस असेल तर एका डॉक्टरला नियमित दाखवा आणि ताजी कागदपत्रं, आधार कार्ड, देहदानाच्या अर्जाची प्रत एका पिशवीत ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत फुकट होते. बारावं घालायचं नसलं तरी ही तारीख पाळा.

मुचकुंदी

बर्फाचं कुणी बोललं नाही. भाड्याची शीतपेटी मिळाली तर उत्तम, पण पावसात वीज गेली की ती नुसती पेटी उरते. मग बंदरावरच्या बर्फ कारखान्यातली लादी आणायची, फोडून जाड पिशव्यांत भरायची, आणि पिशव्या पोटावर, बगलेत, मांड्यांमध्ये ठेवायच्या. पोट आधी खराब होतं, बर्फ तिथे जास्त हवा. चेहऱ्यावर ठेवू नका. वितळलेलं पाणी जायला खाट पायाकडे किंचित उतरती करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कारखाना चालू आहे का हे पावसाच्या तोंडावर विचारून ठेवलेलं बरं.

कातळवाट

सगळ्यांना देहदान जमणार नाही. दहनच करायचं असेल आणि मंत्र नको असतील, तर मंत्र म्हणणाऱ्या माणसाबरोबर सरण रचणारा माणूसही जातो, हे लक्षात ठेवा. ते ज्ञान वाडीतल्या दोन-तीन वयस्करांकडे असतं. त्यांना आधी विचारून शिकून घ्या, नाहीतर अर्धवट जळालेलं प्रेत पाहायची पाळी येते.

उघड्यावर साधारण ३०० ते ४०० किलो सुकं लाकूड लागतं, पावसात त्याहून जास्त. खाली दोन जाड ओंडके समांतर, मध्ये हात जाईल एवढी फट. हवा तिथूनच घुसते, आणि फट बुजली की नुसता धूर होतो. त्यावर आडवी मध्यम लाकडं, मग देह, आणि सगळ्यात वजनदार लाकडं छातीवर आणि कमरेवर, कारण ते भाग शेवटी जळतात. फटींत नारळाची सोडणं आणि करवंट्या भरा. वारा येतो त्या बाजूने पेटवा. तुपाचं काम आग धरवण्याचं, ते राळेने होतं. पेटत्या सरणावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका, भडका मागे येतो. मडकं फोडणं, फेऱ्या मारणं गाळलं तर कुणी हटकत नाही, मात्र अग्नी कोण देणार हे घरून निघतानाच जाहीर सांगा. मुलगी देणार असेल तर तसं सांगा. स्मशानात पोचल्यावर वाद घातला की मयत ताटकळतं.

राखेबद्दल. नदीत किंवा खाडीत सोडायची नसेल तर झाडाखाली घालतात, पण सगळी राख एका खड्ड्यात ओतून त्यावर कलम लावलं की ते मरतं आणि मग लोकांना बोलायला विषय मिळतो. राख क्षारयुक्त असते. आपली जांभी माती आम्ल असल्याने थोडी चालते, ढीग चालत नाही. मोठ्या झाडाच्या विस्तारात पातळ पसरून मातीत मिसळा. नवं रोप लावायचंच असेल तर मिरगानंतर, आणि राख मुळांपासून लांब.

सुरंगी

सुतकाचे दिवस राहिलेच. सुतक मानायचं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी घरच्या बाईने चूल पेटवायची, यात कसला मानवतावाद? त्या दिवसांत शेजारी जेवण आणतात ही त्यातली खरी मदत होती. ती पाळी ठेवा. सकाळची पेज एका घराची, दुपारचा डाळभात दुसऱ्या घराचा, कागदावर सात दिवसांची नावं लिहून दाराला लावा. नाव न लिहिता 'काही लागलं तर सांगा' म्हटलं की कुणीच येत नाही किंवा एकाच दिवशी पाच पातेली येतात.

शोकसभा रविवारी ठेवली तर मुंबईची माणसं येतात. पाऊण तास पुरतो. चार-पाच जणांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं आणि त्यात एक तरी वाडीतली बाई हवी, जिने त्या माणसाला रोज पाहिलं. अध्यक्ष नको, हार नको, पुढाऱ्याचं भाषण तर अजिबात नको. आणि कृपा करून त्या सभेत कर्मकांडावर टीका करू नका. समोर बसलेल्यांनी गेल्याच वर्षी आपल्या आईचं बारावं घातलेलं असतं.

विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं मात्र गप्प बसून होऊ देऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही परिपत्रक काढून इतर गावांना तेच सुचवलं. आपल्या ग्रामसभेत असा ठराव आधीच करून ठेवला असला तर त्या दिवशी तिच्या बाजूने बोलणारा एकटा पडत नाही.

आगाऊ_बोकड

हे सगळं ठीक. पण मृताने लिहून ठेवलंय 'विधी नको' आणि म्हातारी आई रडून म्हणतेय 'पिंड ठेवा, कावळा शिवला पाहिजे'. आता कोणाचं ऐकायचं? तत्त्वाला जागायचं तर मृताचं.

सुरंगी

देहाबाबत मृताचं, दुःखाबाबत जिवंतांचं. देहदान लिहिलं असेल तर ते करा, त्यात तडजोड नको, कारण ते परत करता येत नाही. आईने नंतर पानावर भात ठेवून अंगणात बसायचं म्हटलं तर तिच्याशेजारी बसा. तुम्ही हात जोडायची गरज नाही, तिला एकटं बसवायचीही नाही.

आगाऊ_बोकड

पटलं नाही. आज पिंड, उद्या गरुडपुराण. पण मुद्दा कळला.

कोर्टाची_पायरी

लग्नाकडे वळतो, कारण यात चुकीची माहिती सगळ्यात जास्त फिरते.

'हार घालून ग्रामपंचायतीत नोंद केली, झालं रजिस्टर लग्न.' नाही झालं. तिथे होते ती आधी लागलेल्या लग्नाची नोंद. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली म्हणायचं तर रूढीतले विधी व्हावे लागतात. ते झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. विधी नको असणाऱ्या जोडप्यासाठी रस्ता एकच: विशेष विवाह कायदा, १९५४. दोघं एकाच जातीधर्माची असली तरी हा कायदा चालतो.

क्रम असा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस राहिलेला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. मुलगा डोंबिवलीला, मुलगी बोरिवलीला आणि नोटीस गावच्या प्रेमापोटी रत्नागिरीत, असं केलं की वास्तव्याच्या पुराव्यालाच अडतं. नोटीस कार्यालयात लावली जाते आणि हरकतीसाठी ३० दिवस असतात. हरकतीची कारणं ठरलेली: आधीचा जोडीदार हयात असणं, वय (मुलगा २१, मुलगी १८), मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. आईबापांची नाराजी हे कारण नाही. मात्र मामेबहीण-आतेभाऊ असाल तर सावध राहा. आपल्याकडे ते सर्रास होतं, पण या कायद्याच्या यादीत ते निषिद्ध नात्यात येतं आणि नुसती 'आमच्यात चालतं' म्हणून सुटका होत नाही.

नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद होऊन पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सभागृह आधी आणि नोटीस मागून, ही उलटी गंगा नको. त्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हवेत. दोन आणून तिसऱ्याला फोन लावत बसणारे दर आठवड्याला दिसतात. जादा फी भरून अधिकाऱ्याला जवळपासच्या ठिकाणी बोलावता येतं. लग्न कुठल्याही पद्धतीने लावा, पण अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना 'मी अमुक, तुझा तमुक, कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो/करते' अशा अर्थाचं वाक्य म्हणायलाच हवं. आपल्याला समजणाऱ्या भाषेत, मालवणीतही चालेल.

प्रतिज्ञा स्वतः लिहिणार असाल तर मोजता येईल असं लिहा. 'एकमेकांचा आदर करू' यापेक्षा 'दोघांच्या आईवडिलांच्या आजारपणाचा खर्च आणि रजा दोघं वाटून घेऊ' हे बरं. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीशिवाय लग्नं लावली, तेव्हाही वर आणि वधूने एकमेकांना काय कबूल करायचं यालाच महत्त्व होतं.

भरती_ओहोटी

वारसाहक्काचं काय? निधर्मी झाल्यावर हिंदू वारसा कायदा लागू होत नाही असं कुणीतरी सांगितलं.

कोर्टाची_पायरी

होतो. कायद्याच्या भाषेत हिंदू म्हणजे देव मानणारा नव्हे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नसलेले बहुतेक सगळे त्यात येतात, नास्तिकसुद्धा. विशेष विवाह कायद्याने लग्न केलं आणि दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर वारसा हिंदू कायद्यानेच जातो. दोघांपैकी एकजण इतर धर्माचा असेल तर भारतीय वारसा कायदा, १९२५. ज्याला याहून वेगळं वाटप हवंय त्याने मृत्युपत्र करावं: साधा कागद, मुद्रांक नको, दोन साक्षीदार, आणि साक्षीदार म्हणून लाभार्थी घेऊ नका. कोकणातल्या सातबाऱ्यावर आधीच चाळीस नावं असतात, त्यात भर नको.

अर्जांतल्या 'धर्म' रकान्याबद्दल: कुणालाही धर्म सांगायची सक्ती करता येत नाही, 'धर्म नाही' असं म्हणता येतं, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केलंय. पण अनुसूचित जातीच्या व्यक्तीने हे पाऊल वकिलाला विचारूनच उचलावं. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच धर्म मोजले आहेत. रकाना कोरा ठेवण्याची चैन सगळ्यांना सारखी परवडत नाही, आणि ती परवडणाऱ्यांनी इतरांना भित्रं म्हणू नये.

खाडीपलीकडे

आता वर्गणी. माझं मत: हिशेब मागा, मग वाटा ठरवा. शिमग्याच्या वर्गणीत मंडप, वीज, नमनाचं मानधन, जेवण, पाण्याची मोटर आणि देवाचा खर्च असं सगळं एकत्र असतं. समाजाच्या भागाचे पैसे पूर्ण द्या, शक्यतो इतरांपेक्षा आधी. देवाच्या भागाबद्दल गावबैठकीत मोकळेपणाने सांगा आणि तेवढ्या रकमेचं दुसरं काम अंगावर घ्या: पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर) दिवे, शाळेची पन्हळ, काहीही. पालखी दारात आली तर आरती करू नका, पण खांदेकऱ्यांना पाणी आणि सरबत द्या. होळीच्या रात्री घामाघूम झालेला माणूस तुमचा शेजारी आहे. गाऱ्हाणं चालू असताना 'व्हय म्हाराजा' म्हणायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, गाऱ्हाण्यात मागणं सगळ्यांच्या भल्याचंच असतं.

कातळवाट

आणि एवढं करूनही वाळीत टाकलं तर? मयताला कुणी यायचं नाही, बोलावणी बंद, पाण्याला मज्जाव, दंड भरल्याशिवाय परत घ्यायचं नाही. हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र गुन्हा असल्याने पोलिसांत थेट तक्रार देता येते. पुरावा जमवायचा तो पहिल्या दिवसापासून: बैठकीचं इतिवृत्त, दंडाची पावती, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, कोणत्या तारखेला कोण आलं नाही याची वही. तोंडी 'आमच्याशी बोलत नाहीत' याने तक्रार उभी राहत नाही. तक्रारीआधी तंटामुक्त समितीत एकदा लेखी मांडा, निम्मी प्रकरणं तिथे निवळतात, कारण कायद्याचं नाव कागदावर दिसतं.

अजून एक. फुरसं (विषारी साप) किंवा विंचू चावला आणि कुणी मंत्र टाकायला नेत असेल तर तिथे नम्रपणा दाखवू नका. उपचार रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चावलेला भाग हलवू द्यायचा नाही, आवळपट्टी नको, कापायचं-चोखायचं नाही, सरळ प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं, ते इथल्याच रुग्णांवर.

आगाऊ_बोकड

मूळ प्रश्न राहिलाच. देवाची भीती गेली तर माणूस प्रामाणिक का राहील?

आठळी

आंब्याच्या पेटीचा तळ बघा. वरच्या थराला मोठं फळ, खाली लहान, मध्ये परराज्यातला आंबा आणि पेटीवर 'देवगड'. हे करणाऱ्यांच्या घरातही गणपती बसतो, तेव्हा भीतीने काम भागतं असं दिसत नाही. उपयोग होतो तो खाणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवण्याचा, आणि तपासता येईल अशा व्यवहाराचा. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) चालतो, गवताच्या आढीत पिकवलं तर काहीच प्रश्न नाही. प्रत्येक पेटीवर बाग, तोडणीची तारीख, पिकवायची पद्धत आणि तळच्या थराचं सरासरी वजन लिहा, आणि गिऱ्हाइकाला पेटी उलटी करून उघडू द्या. बागेतल्या नेपाळी गड्याची मजुरी हंगाम संपल्यावर नव्हे, दर आठवड्याला द्या आणि त्याची सही घ्या. यातल्या कशालाच श्रद्धा लागत नाही, वही लागते.

मुचकुंदी

धागा वर आणतेय, दहनाच्या प्रतिसादात एक राहिलं म्हणून. मृताच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर दहनाआधी डॉक्टरकडून काढून घ्या. आगीत त्याची बॅटरी फुटते, जवळ उभ्या असलेल्याला इजा होऊ शकते. छोटा छेद द्यावा लागतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम. कातळवाट, शक्य असेल तर तुमच्या प्रतिसादात वरच घाला.

कातळवाट

संपादनाची मुदत संपलीय. खाडीपलीकडे, तुम्ही मूळ लेखात टाकाल का? दाखल्याच्या पिशवीतल्या कागदांबरोबर पेसमेकरचं कार्डही ठेवा म्हणावं.